गणपतीसमोरचं जनेल

नर्सने फोन तुझ्या तोंडासमोर धरला होता. तोंड अर्धंच दिसत होतं. बाकी सगळा प्लास्टिकचा मास्क आणि आत साचलेली वाफ. तुझे केस कोणीतरी रबर लावून डोक्यावर बांधले होते. तू कधी तसे बांधले नसतेस. नर्स म्हणाली, "दोन मिनिटं बोला. मग नळी घालायची आहे, मग बोलता येणार नाही."

आम्ही तिघं, मी, माझा प्रेमानंद आणि तुमची तन्वी, घरातच अडकलेले, आम्हालाही कोविड झाला होता, म्हणून जे काही होतं ते फोनवरच. प्रेमानंदने फोन माझ्या हातात दिला. तू मास्क एका बोटाने उचललास. नर्स ओरडली, तरी उचललास आणि विचारलंस, "आई, तुमचो आकडो किती?"

बोटाला लावून प्राणवायू मोजायचं ते यंत्र माझ्या बोटालाच होतं. मी पाहून सांगितलं, "सत्त्याण्णव."

"बरो," म्हणालीस. मास्क खाली सोडलास. नर्सने फोन वळवला, छताचा पंखा दिसला, मग काहीच नाही.

त्यानंतर सहाव्या दिवशी तू गेलीस.

उज्ज्वला, लोक येऊन तुझ्याबद्दल जे बोलतात ते मला पटत नाही. सोशीक होती म्हणतात. गरीब गाय होती म्हणतात. तू कसली गरीब गाय? डिचोलीहून या हळर्णच्या घरात सून म्हणून आलीस त्या वर्षापासून तू माझ्याशी भांडलीस, आणि बहुतेक वेळा तुझंच बरोबर होतं. आवाज न चढवता भांडायचीस. मला आवाज चढवल्याशिवाय भांडता येत नाही, म्हणून शेजाऱ्यांना वाटायचं सासूच जिंकते. आत काय व्हायचं ते आपल्या दोघींना ठाऊक.

तुझ्या किडन्या गेल्या तेव्हा तू चौतीस वर्षांची होतीस आणि तन्वी आठ वर्षांची. दिवसाआड म्हापशाला डायलिसिस. सकाळची बस धरून जायचीस, दुपारी परत येऊन पडवीच्या भिंतीला टेकून बसायचीस, आणि अर्ध्या तासाने उठून मासे साफ करायचीस. मी म्हणायची, पड जरा. तू म्हणायचीस, "पडलंय तर उठूचंय नाय." तुझ्या आईला साखरेचा आजार, वडील नाहीत, प्रेमानंदचा रक्तगट जुळेना. माझा जुळला. त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं. रक्त काही मी बाजारातून निवडून आणलेलं नव्हतं. मी म्हटलं, घ्या.

सासू सुनेला देते म्हटल्यावर सरकारी समितीपुढे जावं लागलं. टेबलामागे पाच-सहा माणसं. मी बसल्याबरोबर त्यातल्या एका चष्मेवाल्याने विचारलं, "आजी, तुमच्यावर घरात कोणी दबाव आणला का?"

मी म्हटलं, "माझ्यावर दबाव आणणारं माणूस आमच्या घरात अजून यायचं आहे. हिने प्रयत्न केला, तिला जमलं नाही."

"सून आवडते तुम्हाला?"

"नाही."

सगळ्यांच्या लेखण्या थांबल्या. चष्मेवाला म्हणाला, "मग किडनी का देता?"

"कामाची आहे. ती नसली तर घर चालणार नाही. आणि माझ्याकडे दोन आहेत."

एक बाई तोंडावर हात ठेवून हसली. तू बाजूच्या बाकावर बसली होतीस, तू नाही हसलीस. तिसऱ्या दिवशी तांदूळ निवडताना सुपातून मान वर न करता विचारलंस, "आई, खरीच तुमका माजी आवड नाय?"

"अजून नाय," मी म्हटलं.

मग ती आपली थट्टाच झाली. दर चवथीला गणपतीच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळताना तू विचारायचीस, "आई, औंदा तरी?" मी म्हणायची, "अजून नाय." तन्वीसुद्धा शिकली. तिला कोणी विचारलं, आजीला तुझी आई आवडते का, तर ती सांगायची, "अजून नाय." उत्तर कधी बदललं ते मला नक्की सांगता येणार नाही. एवढं माहीत आहे की बदलल्यानंतरही पुष्कळ वर्षं मी तेच देत राहिले, कारण तू हसायचीस.

ऑपरेशन झालं, माझी जखम भरली, तुझी भरली. मला वाटलं संपलं. तुझं तिथून सुरू झालं. गोळ्या सकाळी आठला आणि रात्री आठला. आठ म्हणजे आठ. आठ वाजता तू कोणाच्या दारात बोलत उभी असलीस तर बोलणं तिथंच टाकून यायचीस. पाणी उकळलेलं. पाववाल्या पोदेराचा पाव सायकलवरून आला की पुन्हा तव्यावर कडक भाजून मगच तुझ्या बशीत. देवळातलं पंचामृत हातावर घेऊन कपाळाला लावायचीस, तोंडात नाही. कुळागरात, पोफळीच्या बागेत, माती उकरायची तर हातमोजे, तोंडाला फडकं. अंगणाच्या तोंडाशी नळ आणि साबण. बसमधून आलेल्या माणसाने हातपाय धुऊन, अंगावरचे कपडे बदलून मगच आत यायचं. प्रेमानंद कारखान्यातून दमून यायचा, त्यालाही सूट नाही. मी एकदा म्हटलं, "हे घर आसा की देवाचो गाभारो?"

तू म्हणालीस, "गाभाऱ्यात तरी कोण धुवन येता?"

मला हे सगळं कशासाठी ते समजत नव्हतं. डॉक्टरने समजावलं होतं, पण डॉक्टरचं बोलणं कान ओलांडून जातं. समजावलंस तू, पडवीत बसून, नारळ सोलताना. म्हणालीस, "आई, आपल्या वाड्याचो राखणदार परक्याक शिरूक देता?" मी म्हटलं नाही देत, म्हणून तर त्या देवाला वर्षाला रोटाचा नैवेद्य देतो. "तसो प्रत्येकाच्या अंगात एक राखणदार आसता. माज्या अंगातल्याक तुमची किडनी परकी दिसता. तो तिका मारून भायर काडतलो. म्हणान गोळये देवन तेका अर्धो निजयलो आसा. आता तो किडनीक काय करणा नाय. पण चोर इलो तरी तो अर्धोच जागो."

त्यानंतर मी पावावरून भांडले नाही. दुसऱ्या गोष्टींवरून भांडले.

सगळ्यात मोठं भांडण जनेलाचं, म्हणजे त्या खिडकीचं. आपल्याकडे चवथीला आरतीचा मेळ घरोघर फिरतो. घुमट, शामेळ, कासाळं अशी वाद्यं घेऊन पंधरा-वीस माणसं गणपतीच्या खोलीत दाटीवाटीने उभी राहतात आणि गळ्याच्या शिरा फुगेपर्यंत गातात. दार अडवलं तर तो गणपतीचा अपमान आणि वाड्याचाही. ऑपरेशननंतरच्या पहिल्या चवथीला तू मागच्या पडवीत जाऊन बसलीस, पण घर एकच, हवा एकच. पंधरा दिवस तुझा खोकला गेला नाही. पुढच्या वर्षी आषाढाआधीच तू म्हणालीस, मेळ अंगणात उभा राहील.

मी म्हटलं, गणपती हलणार नाही. त्याची भिंत ठरलेली आहे, माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून.

तू म्हणालीस, "गणपतीक कोण हलयता? समोरची भिंत फोडया."

ती चिऱ्याची भिंत माझ्या नवऱ्याने बांधलेली. तो गेल्यावर तिला मी चुन्याचा हातसुद्धा दुसऱ्या कोणाला लावू दिला नव्हता. तीन दिवस मी त्या भिंतीला पाठ लावून बसले. चौथ्या दिवशी तू बेळगावकडचा गवंडी आणून उभा केलास. प्रेमानंद ऐनवेळी कामावर पळाला, त्याची ती जुनी सवय. मी पाटावर बसून बघत राहिले. एकेक चिरा निघाला तेव्हा तू तो धुऊन ओळीने मांडून ठेवलास. संध्याकाळी म्हणालीस, "मामंजींचे चिरे आसत. तुळशीक घालूया." आता वृंदावनाच्या बुडाला जे चिरे आहेत ते तेच.

जनेल झालं ते चांगलं चार हात रुंद. गणपतीच्या बरोबर समोर. देवाला माणसं दिसतात, माणसांना देव दिसतो, आणि मध्ये वारा खेळतो. अंगणात मांडव घातला, मेळ तिथे उभा राहिला. बाबल, तो मेळाचा म्होरक्या, पहिल्या वर्षी जनेलातून डोकं आत घालून म्हणाला, "वयनी, देवाक आयकाक येता मगो?"

"तुमचो आवाज पेडण्याक आयकाक येता, देवाक कसो येवचो नाय?" तू म्हणालीस. तेव्हापासून मेळातले लोक ते जनेल दाखवूनच घर सांगायला लागले. मग कोविड आला तेव्हा वाड्यातली चार-पाच घरं तुझं बघून आरती अंगणात घ्यायला लागली. भिंत कोणी फोडली नाही, पण दारं उघडी टाकली. तू आधी शिकलेलं जगाला नंतर शिकावं लागलं, आणि त्याचा तोरा तू एकदासुद्धा मिरवला नाहीस. मी असते तर मिरवला असता.

लग्नाबारशाला लोक तुला काय काय बोलले ते मी ऐकलं आहे. डिचोलीत तुझ्या भाचीचं लग्न होतं. तू हॉलबाहेर आंब्याखाली मास्क लावून उभी राहिलीस, नवरीला तिथेच बोलावून ओटी भरलीस, पाण्याचा थेंब न घेता परत निघालीस. तुझी एक मावशी म्हणाली, हिला काय रोग आहे कोण जाणे. तू तिच्याकडे वळून म्हणालीस, "मावशे, रोग नाय. पोटात सासू आसा, ती गर्दीत येवक तयार नाय." परतीच्या वाटेवर तू इतकी हसलीस की गाडी थांबवायला लागली.

लसीच्या वेळी मी अडून बसले. एकाच किडनीवर चालणारी म्हातारी, त्यात काही झालं तर? तू आधी डॉक्टरला फोन करून माझं विचारून घेतलंस. किडनी दिलेल्या माणसाने घ्यायला हरकत नाही, घ्यावीच, असं तो म्हणाला. मी म्हटलं, "तू घेतलंस मगे, पुरे झाला. घरात एकान घेतली म्हणजे झाली."

तू त्या दिवशी पहिल्यांदा आवाज चढवलास. "आई, लस म्हणजे राखणदाराक चोराचो फोटो दाखवचो. माजो राखणदार अर्धो निजलेलो. तेका फोटो धड दिसना नाय. डॉक्टर सांगता, दोन डोस झाले तरी माका पुरी लागली म्हणून धरूक नाय, मास्क काडूक नाय. तुमचो राखणदार जागो आसा. तुमी घेतल्यात तर चोर तुमच्यापाशीच अडकात. तुमची लस ती माजी पण लस."

"माका ताप येयत."

"येयत एक दीस. माका येयत तो एक दीस नसतलो."

मी गेले. आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात गर्दी होती, म्हणून तू कुंपणाबाहेर उन्हात छत्री घेऊन उभी राहिलीस आणि मी सुई टोचून बाहेर येईपर्यंत हलली नाहीस. मला पळून जायची सवय नाही हे तुला माहीत होतं, तरी उभी राहिलीस. प्रेमानंदलाही दोन्ही डोस घ्यायला लावलेस. तन्वीच्या वयाच्या पोरांना तेव्हा लस नव्हती, म्हणून तू तिची शाळा फोनवर आणि खेळ अंगणात ठेवलास. शेजारची एक शहाणी तुला म्हणाली होती, दोन दिवस गोळ्या बंद ठेव, म्हणजे लस चांगली लागेल. तू म्हणालीस, "डॉक्टरान सांगल्याबगर एक गोळी चुकवचंय नाय. आईची वस्त आसा." तुझ्यासारख्यांना तिसरा डोस कधी देणार हे तू प्रत्येक भेटीत डॉक्टरला विचारायचीस. अजून ठरलेलं नाही, असंच उत्तर मिळायचं.

आणि घरात सगळ्यांवर एक कायदा होता, बाकीच्या सगळ्यांच्या वरचा. अंगात काही वाटलं, शिंक आली, घसा दुखला, तर लगेच सांगायचं. लपवायचं नाही. सांगणाऱ्याला कोणी बोलणार नाही. तन्वीने चार-पाच वेळा खोटं सांगून शाळा चुकवली, तरी तू तिला रागावली नाहीस. म्हणायचीस, खोटं चार वेळा चालेल, खरं एकदा चुकायला नको.

आता मला पुढचं लिहायला पाहिजे. तुझ्या अंगावर ढकलून लिहिणार नाही.

यंदाच्या चवथीला तू गणपतीवर टांगायची फळांची माटोळी स्वतः बांधलीस. म्हापशाच्या बाजाराला आपण दोघी गेलो, तू गाडीत काच वर करून बसलीस आणि बोटाने दाखवत गेलीस, मी आणत गेले. तोरंजन, म्हणजे पपनस, मोठं बघून घ्यायला लावलंस. ऑपरेशननंतर तुला ते खायला बंद. त्याने गोळ्यांचा जोर रक्तात वाढतो म्हणे. तुला ते फार आवडायचं. म्हणून दरवर्षी टांगण्याआधी तू ते नाकाला लावून मोठा श्वास घ्यायचीस. यंदाही घेतलास.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेळ आला आणि पावसाने घात केला. वाऱ्याने मांडवाचं प्लास्टिक फाटलं. माणसं भिजून चिंब, घुमटाचं कातडं भिजू नये म्हणून बाबलने ते शर्टाखाली धरलेलं. मला ते बघवेना. देवाच्या दारात माणसं भिजवत ठेवायची? गावात दोन महिने कोणी आजारी नव्हतं. मी दार उघडून म्हटलं, "भितर येयात रे. पाच मिनटां."

तू स्वयंपाकघरातून आलीस. माझ्याकडे बघितलंस. लोकांसमोर मला कधी खाली बघायला लावलं नाहीस, त्या दिवशीही नाही. मास्क चढवलास, घरातली होती नव्हती ती सगळी जनेलं उघडलीस, आणि छत्री घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसलीस. आरती पाऊण तास चालली.

ते गेल्यावर आपलं भांडण झालं. तू म्हणालीस, "पाच मिनटां म्हणालात."

"आरती अर्ध्यात तोडतात काय? देव बघून घेयत."

"देव बघता. पण श्वास माकाच घेवचो पडता."

मग मी जे बोलले ते तुला आठवत असेल. मी म्हटलं, "किडनी माजी आसा तुज्या पोटात. मी कोणाक भियेवक नाय आयुष्यात. तू कित्याक इतकी भितंस?"

तू वाती वळत होतीस. वात खाली ठेवलीस. "किडनी भियेना, आई. तुमची आसा म्हणान मी भितंय. माजी असती तर भियले नसते."

उत्तर नंतर देईन म्हणून मी ते भांडण तसंच ठेवलं. ते तिथेच आहे.

आरतीनंतर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझा घसा खवखवायला लागला. मी म्हटलं, पावसाचं दार उघडलं त्याचं आहे. सांगितलं असतं तर तू मला पुढच्या खोलीत बसवलं असतंस, आणि पाहुणे आले असते, आणि सगळ्यांना कळलं असतं की म्हातारीने दार उघडलं आणि म्हातारीच आजारी पडली. मला ते नको होतं. आलं-मिरीचा काढा करून प्याले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तुझ्या शेजारी बसून खतखत्याच्या भाजीला खोबरं वाटलं. तू मास्क लावून होतीस, मी नव्हते. मास्क लावला असता तर तू विचारलं असतंस.

सातव्या दिवशी, विसर्जनाच्या सकाळी, मी खोकले आणि तू वळलीस.

"आई, कधीपासून?"

"आजच," मी म्हटलं.

तू ओट्यावरच्या काढ्याच्या टोपाकडे बघितलंस. मी तो घासला नव्हता. तळाशी चोथा होता. मग माझ्याकडे बघितलंस आणि काहीच बोलली नाहीस. मला वाटलं, तुला कळलं नाही.

तासाभरात तू सगळं केलंस. मला पुढच्या खोलीत, तन्वी आणि प्रेमानंद वेगळे, तू मागे. आरोग्य केंद्रात सगळ्यांची तपासणी. माझी पॉझिटिव्ह निघाली, तुझी नाही. तरी तू डॉक्टरला फोन केलास, ताप यायची वाट बघितली नाहीस. दोन दिवसांनी पुन्हा तपासलंस तेव्हा तुझीही निघाली. दाराच्या मागे तुझी पिशवी सहा वर्षं भरून तयारच होती. गोळ्यांची यादी, कागद, दोन कपडे. रुग्णवाहिका आली तेव्हा तू स्वतः चालत गेलीस. जनेलापाशी थांबून आत बघितलंस. गणपती गेलेला, रिकामा पाट. मी त्या पाटापाशी उभी होते. तू म्हणालीस, "यंत्र बोटाक लावा सकाळ-संध्याकाळ. आकडो लिवन ठेवा. चौऱ्याण्णवच्या खाली गेलो तर वाट बघू नकात."

तू अशी गेलीस. हॉस्पिटलने जे करायचं ते सगळं केलं. गोळ्या कमी-जास्त केल्या, इंजेक्शनं दिली. तुझा राखणदार अर्धा निजलेलाच होता.

कोणाकडून आला ते सांगता येत नाही, असं डॉक्टर प्रेमानंदला म्हणाले. आरतीला वीस माणसं होती, त्यातल्या दोघांना नंतर झाला. मी कोणाला विचारलेलं नाही आणि मला कोणाच्या समजुतीची गरज नाही.

बाराव्यानंतर लोक भेटायला आले. एकही माणूस आत आला नाही. मी बोलावलंही नाही, त्यांनीच अंगणात जनेलासमोर उभं राहून चौकशी केली, मास्क लावून. बाबल सगळ्यांत शेवटी राहिला. म्हणाला, "काकी, आमी त्या दिसा भितर येवक नको होता."

"तुमी नाय इलात. मी बोलयलंय," मी म्हटलं.

तो रडायला लागला. मी त्याला म्हटलं, रडायचं तर घरी जाऊन रड, आणि पुढच्या वर्षी मांडवाला पत्रे घाल, प्लास्टिक नको.

परवा हॉस्पिटलमधून तुझी पिशवी आली. तन्वीने बाहेर उन्हात ठेवली दोन दिवस, तुझ्यासारखी. मग उघडली. त्यात डॉक्टरला द्यायचा कागद होता, तुझ्या अक्षरात, पेनाने, विसर्जनाच्या दिवशीच लिहिलेला. तुझं नाव, ऑपरेशनचं वर्ष, गोळ्या, लसीचे दोन डोस. आणि खाली एक ओळ. "घरात सासूला लक्षणे तीन दिवसांपासून. एकाच खोलीत काम केले."

तुला कळलं होतं. टोपातला चोथा बघून तू दिवस मोजलेस. मला विचारलं नाहीस, बोलली नाहीस, प्रेमानंदला सांगितलं नाहीस. त्याने तो कागद परवा पहिल्यांदा वाचला. माझ्याकडे बघितलं आणि घडी करून परत पिशवीत ठेवला. जिथे ती गोष्ट सांगून उपयोग होता तिथे तू ती सांगितलीस, आणि जिथे नव्हता तिथे नाही. इतकं सरळ वागणं मी कोणाचं बघितलेलं नाही. माझं तर नाहीच.

तन्वी आता नळाशी उभी राहून बापाचे हात धुऊन घेते. मी म्हटलं, आता कोणासाठी? ती म्हणाली, "आजी, तुका एकच किडनी आसा." आवाज न चढवता म्हणाली.

माटोळीतलं तोरंजन उतरवायचं राहून गेलं होतं. सुतकात कोणाच्या लक्षात आलं नाही. काल उतरवलं. वाळून हलकं झालं आहे, पण नाकाला लावलं की वास आहे. जनेलाच्या फळीवर ठेवलं आहे. जनेल मी दिवसभर उघडं ठेवते.

औंदा तू विचारलं नव्हतंस. नेवऱ्या तळत होतीस, तेल तापलेलं होतं, तन्वी मध्ये काहीतरी बोलली आणि राहून गेलं. विचारलं असतंस तर मी पुन्हा "अजून नाय"च म्हटलं असतं. ते खोटं होतं. घरातला लपवायचं नाही हा कायदा मी तिथेही मोडला, पुष्कळ वर्षं.

तो आकडा मी अजून सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवते. आज सकाळी अठ्ठ्याण्णव होता.

यंदाच्या चवथीत या घरात चौघांना कोविड झाला. तन्वीला दोन दिवस ताप आला. प्रेमानंदला आठवडाभर खोकला होता. मी एकोणसत्तर वर्षांची आहे, मला एक किडनी आहे, तू मला लस घ्यायला लावली होतीस. प्रेमानंद जगला. तन्वी जगली. मी जगले.